बिनफोडणीचा उन्हाळा

“हिला नेतो बरोबर. ही बोलत नाही.”

“बोलत नाही म्हणजे? मुकी आहे का ती? तुम्ही कुणाला बोलू देत नाही, त्याला ती बिचारी काय करणार!”

मी जिन्याच्या मध्यावर उभी होते, हातात वाळलेल्या कपड्यांची टोपली. खाली स्वयंपाकघरात डॉक्टरकाका आणि काकू माझ्याबद्दल बोलत होते. अशा वेळी खोकायचं असतं, पाय वाजवायचे असतात, की सरळ खाली उतरून हसत हसत विचारायचं असतं, हे मला आजही नीट कळत नाही. मी टोपली घेऊन तशीच उभी राहिले.

“शिकारीला असंच माणूस लागतं,” काका म्हणाले. “परवा तुला बसवलं, तर तू शेंगा निवडायला घेतल्यास आणि वर बहिणीला फोन लावलास.”

“तिचा वाढदिवस होता.”

“हरणाला ते माहीत नव्हतं.”

मी बोलत नाही म्हणून मला शाळेत, कॉलेजात आणि पुढे केंब्रिजच्या लॅबमध्ये बरंच ऐकून घ्यावं लागलं आहे. न बोलण्याबद्दल काम मिळालं ते मात्र हे एकच. ते एका उन्हाळ्यापुरतंच टिकलं.

केंब्रिजला पीएच.डी. करत असताना मी त्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. घर शहराबाहेरच्या एका खेड्यात, बसच्या शेवटच्या थांब्यापाशी. मागे लांबट बाग, बागेला जुनं लाकडी कुंपण आणि कुंपणापलीकडे कुणा शेतकऱ्याची दाट राई. त्या काळी भारतात फोन करायचा तर फोनकार्ड खरवडून त्यावरचा लांबलचक आकडा दाबावा लागे. काकू महिन्यातून एकदा लंडनला, वेम्बलीच्या भारतीय दुकानांत जात, तेव्हा तूरडाळ, हिंगाची डबी आणि माझ्यासाठी फोनकार्ड घेऊन येत.

खोली बघायला गेले त्या दिवशी दार काकांनी उघडलं. त्यांनी माझं नाव विचारलं नाही. चष्मा कपाळावर सरकवून क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “तोंड उघड बघू. मोठं. जीभ बाहेर.”

मी उघडलं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी. मोठ्या माणसानं सांगितलेलं आधी करायचं आणि का ते नंतर घरी जाऊन आठवायचं, ही सवय तिथलीच.

“उत्तम,” काका म्हणाले. “नळी पटकन जाईल.”

मागून काकू धावत आल्या. “अहो, ती खोली बघायला आलीय! आत तरी येऊ द्या तिला!”

काका भूलतज्ज्ञ होते. सगळं आयुष्य तिथल्या हॉस्पिटलात लोकांना झोपवण्यात आणि उठवण्यात गेलं होतं, आणि निवृत्त झाले तरी नजर निवृत्त झाली नव्हती. माणसाचा चेहरा ते पाहतच नसत. आधी जबडा पाहत, मग मान, मग हाताच्या पाठीवरच्या शिरा. लंडनच्या एका मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांनी आरतीच्या रांगेतल्या बायकांची वजनं पुटपुटत सांगितली होती, कारण भुलीचं औषध वजनावर ठरतं. पुटपुटणं रांगेपर्यंत पोहोचलं. त्या वर्षी काकूंना हळदीकुंकवाची बोलावणी आली नाहीत.

दुसरी सवय अशी, की समोरच्याला पुढे काय होणार आहे हे आधी सांगितल्याशिवाय ते काहीच करत नसत. खिडकी उघडताना म्हणत, “आता जरा गार वारा लागेल.” चहाचा कप हातात देताना, “आता थोडं गरम लागेल.” दिवा लावताना, “आता डोळ्यांवर उजेड येईल हं.” आवाज खालचा, मऊ, घाई नसलेला. एरवी ते मोठ्यांदा बोलत, वाद घालत, मध्येच गुणगुणत. पण हा आवाज निराळा होता. तो ऐकला की मला उगाचच जांभई येई.

“लग्नातसुद्धा!” काकू सांगायच्या. “मंगळसूत्र घालताना माझ्या कानाशी वाकून म्हणाले, आता मानेला थोडं गार लागेल. भटजी थबकले. माझ्या आईला वाटलं, मुलगा प्रेमळ आहे.”

“मग काय चुकलं तिचं?” काका विचारत.

“गार लागलंच नाही. मे महिना होता.”

त्यांचं एक दुःख होतं, ते दर रविवारी चहाबरोबर बाहेर येई. “सर्जनला फुलं, सर्जनला चॉकलेटं, सर्जनला ख्रिसमस कार्ड. मला कोण ओळखणार? माझा चेहरा दिसला की लोक झोपतात.” मग बिस्कीट चहात बुडवून, ते पडायच्या आत तोंडात टाकून, ते एवढंच म्हणत, “पण सगळे उठले.”

“सगळे?” असं मी पहिल्यांदा विचारलं होतं. म्हणजे भुवया वर करून विचारलं होतं.

“ऑपरेशनचं काय झालं ते सर्जनला विचार. मी झोपवलेला प्रत्येक माणूस उठला. उठून पहिली शिवी मला दिली असेल, पण उठला.”

एवढा एकच अभिमान त्यांनी जपला होता. बाकी घर, गाडी, लंडनमध्ये एजवेअरला राहणारा मुलगा, या सगळ्यांबद्दल ते ‘ठीक आहे’ म्हणत.

निवृत्तीनंतर ते दिवसभर घरात राहून काकूंना “आता कुकरची वाफ येईल” असं सांगू लागले, तेव्हा काकूंनीच त्यांना गावातल्या धनुर्विद्येच्या क्लबात घातलं. मुलानं लंडनहून फोनवर विचारलं, “बाबा, गोल्फ का नाही खेळत, नॉर्मल माणसांसारखं?” पण काकांना धनुष्य पहिल्याच दिवशी आवडलं. श्वास धरायचा, थांबायचं, हात हलू द्यायचा नाही. ते म्हणत, हे तर मी जन्मभर केलंय. वर्षभरात ते क्लबातले सगळ्यात अचूक नेमबाज झाले. त्यांनी स्वतःचं लाकडी धनुष्य घेतलं. खंडेनवमीला काकूंनी त्याची पूजा मांडली. पाटावर धनुष्य, काकांचं घशात नळी घालायचं जुनं हत्यार, मिक्सर आणि माझा लॅपटॉप. पुढच्या रविवारी क्लबात कुणीतरी धनुष्यावरचा लाल ठिपका कसला म्हणून विचारलं. काका म्हणाले, “वॉरंटी.”

क्लबाचे सेक्रेटरी डेरेक नावाचे उंच, वाकलेले गृहस्थ होते. त्यांनी काकांना मैदानाची शिट्टी दिली. शिट्टी ज्याच्याकडे तो मैदानाचा मालक: त्यानं फुंकल्याशिवाय कुणी बाण सोडायचा नाही आणि सोडलेला आणायला जायचं नाही. काका ती शिट्टी गळ्यातून काढत नसत. अंघोळीला जातानाही म्हणे दाराच्या खुंटीवर लावून जात.

“कुकरच्या कमी पडतात म्हणून,” काकू म्हणायच्या. पण एकदा त्यांनीच मला हळू आवाजात सांगितलं होतं, “इतकी वर्षं हॉस्पिटलात होते, कुणी घरी चहाला बोलावलं नाही गं. हे क्लबवाले बोलावतात.”

आता हरीण.

त्या भागात मुंटजॅक नावाची लहानशी हरणं आहेत. कुत्र्याएवढी, पाठीत वाकलेली, नराला ओठाबाहेर आलेले बारीक सुळे. भुंकतातही कुत्र्यासारखी. कधीकाळी कुणा इंग्रज साहेबानं हौसेनं पूर्वेकडून आणलेली, त्याच्या आवारातून निसटून सगळ्या मुलुखात पसरली. काकांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच निकाल दिला: “हे भेकर आहे. आपल्याकडचंच.” मी लॅबमध्ये जीवशास्त्र करत असल्यामुळे मला ठाऊक होतं की हे त्याचं चिनी भावंड आहे. मी अर्थातच काही बोलले नाही.

आमच्या बागेत येणाऱ्या नराचा एक कान फाटका होता. तो संध्याकाळच्या सुमारास कुंपणाखालच्या फटीतून आत येई आणि काकूंनी लावलेली मेथी खाई. कोवळी तेवढीच. मग गुलाबाच्या कळ्या, मग घेवड्याची पानं. खाऊन झालं की इकडेतिकडे न बघता निघून जाई.

“आपल्याला मुलगी नाही,” काकू म्हणाल्या, “पण जावई आहे. जेवायच्या वेळेला येतो, चांगलंचुंगलं खातो आणि एक शब्द न बोलता जातो.”

तेव्हापासून त्याचं नाव जावईबुवा पडलं.

“जाळी लावा,” काकूंनी सुचवलं.

“जाळी भित्रे लोक लावतात. आमच्या घराण्यात शिकार होती.”

“कुणाच्या घराण्यात?” काकू हातातलं उलथनं घेऊन वळल्या. “पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी तुमच्याकडे! नारळाशिवाय काही फोडलं नाही कुणी! आणि मारून करणार काय? माझ्या ओट्यावर येणार नाही हं ते.”

“डेरेकला देईन.”

“आणि पोलीस? या देशात धनुष्यबाणानं हरीण मारणं गुन्हा आहे, तुम्हीच वाचून दाखवलंत मला.”

“तो आपल्या बागेत शिरून आपलं खातोय. हा सेल्फ डिफेन्स आहे.”

“मेथीचा?”

काका उठले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “जन्मभर मी माणूस धरून ठेवला आणि सुरी दुसऱ्यानं चालवली. एकदा तरी आपल्या हातानं काहीतरी आरपार करावंसं वाटतं.”

काकू पुन्हा गॅसकडे वळल्या. त्यांनी भाजी हलवली.

अशी शिकार ठरली. शेड आणि सफरचंदाचं झाड यांच्यामध्ये काकांनी आडोसा बांधला. त्याला हिरवं कापड हवं होतं. ते त्यांनी कपाटातून स्वतःच घेतलं. दुसऱ्या दिवशी काकू कपडे वाळत घालायला गेल्या आणि त्यांची किंकाळी मी वरच्या खोलीत ऐकली.

“माझ्या डोहाळजेवणाची साडी!”

“हिरवी आहे ना,” काका म्हणाले.

“हिरवी असणारच! डोहाळजेवणाची आहे!”

“मग झालं तर.”

साडी तिथेच राहिली, पण काकूंच्या अटीवर: भोक पाडायचं नाही. त्यामुळे काकांना बाण साडीच्या काठावरून नेम धरून सोडावा लागणार होता, आणि काठ जरीचा होता. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात आमचा आडोसा एखाद्या लग्नमंडपासारखा लखलखायचा.

मग वासाचा प्रश्न आला. शिकाऱ्याला वास असता कामा नये. काकांनी साबण सोडला, आफ्टरशेव्ह सोडलं आणि जाहीर केलं की शिकारीच्या दिवशी घरात फोडणी होणार नाही. हिंगाचा वास राईपर्यंत जातो. आणि शिकारीचा दिवस म्हणजे पाऊस नसेल तो प्रत्येक दिवस. त्या उन्हाळ्यात, इंग्लंडचा उन्हाळा असूनही, पाऊस पडेना. आम्ही उकडलेलं वरण, उकडलेली भाजी आणि मीठ असं जेवू लागलो.

“जावई मरेल तेव्हा मरेल,” काकू ताटाकडे बघत म्हणाल्या. “आपण आधी जाणार.”

मी माझ्या खोलीत चिवड्याची पिशवी लपवली होती. त्यातली मूठभर काकूंना जिन्यात देत असे. त्या ती पदराआड धरून बाथरूममध्ये नेत.

आमची पहिली शिकार मला चांगली आठवते. दोन घडीच्या खुर्च्या, साडीचा आडोसा, समोर मेथीचा वाफा. जेवणानंतरही चांगला उजेड होता. काका धनुष्य मांडीवर ठेवून बसले होते आणि खरंच एक अक्षर बोलत नव्हते. मीही. दोन माणसांनी शेजारी बसून काही न बोलण्यात इतकं सुख असतं हे मला माहीत नव्हतं. लॅबच्या मीटिंगमध्ये सगळे माझ्याकडे बघत आणि मला घाम फुटे. इथे न बोलणं हेच काम होतं आणि ते मी उत्तम करत होते. काका मधूनच माझ्याकडे बघून कौतुकानं मान हलवत. ‘शास्त्रज्ञ’ म्हणत ते मला, आणि बाहेर कुणाला ओळख करून देताना सांगत, “हिच्यासारखी शिकारी माझ्या पाहण्यात नाही.”

जावईबुवा आले. फाटका कान आधी दिसला, मग वाकलेली पाठ. मेथीशी येऊन त्यांनी खाली तोंड घातलं.

काका उठले. इतके हळू, की खुर्चीचं कापडही वाजलं नाही. बाण लावला, दोरी गालापर्यंत ओढली, श्वास धरला. हात दगडासारखा स्थिर. मी डोळे मिटायच्या बेतात होते, तेवढ्यात त्यांचा तो दुसरा आवाज आला. खालचा, मऊ, घाई नसलेला.

“शार्प स्क्रॅच.”

जावईबुवांनी मान वर केली. त्यांची शेपटी उभी राहिली, खालचं पांढरं दिसलं आणि ते कुंपणाखालून गेलेसुद्धा. बाण काकांच्या हातातच राहिला.

या देशात ज्यानं कधी रक्त तपासायला दिलं असेल त्याला हे दोन शब्द माहीत असतात. सुई टोचायच्या आधी नर्स, डॉक्टर, सगळे तेच म्हणतात: आता बारीकसं टोचेल. काकांनी ते जन्मभर, दिवसातून किती वेळा म्हटलं असेल कुणास ठाऊक.

“वारा फिरला,” काका खुर्चीत बसत म्हणाले. “वास गेला आपला.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. आपण काही बोललो हे त्यांना कळलंच नव्हतं.

दुसऱ्या वेळी दोष हिंगाला मिळाला. आठवडाभर डबी गॅरेजमध्ये टूलबॉक्समध्ये राहिली. तिसऱ्या वेळी जरीला. काकांनी जरीची चमक झाकायला काठावर तपकिरी टेप चिकटवली आणि त्यावरून जे घडलं ते मी इथे लिहीत नाही. दर वेळी तेच: हरीण येई, दोरी ताणली जाई, आवाज येई, हरीण जाई. एकदा तर मला वाटलं, जावईबुवांनाही त्या आवाजाची सवय झाली आहे. ते पळण्याआधी शेवटचा घास नीट चावून गिळत होते.

हे फक्त मला माहीत होतं. मी एका वाक्यात घरातली फोडणी परत आणू शकले असते. पण मग पुढच्या वेळी काका तोंड मिटून बाण सोडतील, आणि त्यांचा बाण चुकत नाही हे मी क्लबात जाऊन पाहिलं होतं. मी उकडलेलं वरण खात राहिले.

एका रविवारी डेरेक चहाला आले. बागेत खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांचं लक्ष साडीकडे गेलं. “सुंदर कापड,” ते म्हणाले.

“वाळत घातलंय,” काकू चटकन म्हणाल्या.

“टेपसकट?”

काकूंनी त्यांच्या बशीत आणखी एक करंजी ठेवली. डेरेकनी ती अर्धी खाल्ली असेल-नसेल, तोच भर दुपारी, सगळ्यांसमोर, जावईबुवा कुंपणाखालून आत आले आणि मेथीकडे चालू लागले. मी काकांकडे पाहिलं. काका ढगांकडे बघत होते.

“मुंटजॅक,” डेरेक म्हणाले. “उपद्रव आहे खरा. दुसऱ्या एका क्लबातल्या माणसानं मागे एकावर बाण चालवला. मेलं नाही नीट, दोन दिवस बाण घेऊन फिरत होतं बिचारं. पोलीस आले, केस झाली. आमच्याकडे असं कुणी केलं तर त्याच दिवशी बाहेर.” मग काकांच्या गळ्यातल्या शिट्टीकडे बघून हसले. “तुम्हाला काय सांगायचं म्हणा, डॉक्टर. सगळ्यात सुरक्षित हात तुमचा.”

काकांनी शिट्टी शर्टाच्या आत सरकवली.

त्या संध्याकाळी भांडी पुसताना काकू मला म्हणाल्या, “ऐकलंस ना? तो क्लब गेला तर हे माणूस घरात बसून मरेल. आणि क्लबाचं सोड. त्यांच्या हातून ते जनावर मेलं, तर ‘सगळे उठले’ असं पुन्हा म्हणतील का ते? मी ओळखते त्यांना. म्हणणार नाहीत. आणि ते म्हणायचे थांबले की संपलंच.” त्यांनी ओलं फडकं पिळलं. “तू बोल त्यांच्याशी. माझं ऐकत नाहीत. तू कधी बोलत नाहीस, त्यामुळे तुझं ऐकतील.”

मी मान डोलावली. रोज आडोशात बसल्यावर मनात वाक्य तयार करायचे. ‘काका, मला असं वाटतं की.’ इथपर्यंत नीट जमायचं.

हे सगळं आज आठवायचं कारण, परवा सामान आवरताना माझं जुनं फोनकार्ड सापडलं. ते घर सोडून मला खूप वर्षं झाली. पीएच.डी. संपल्यावर मी निघाले, तेव्हा काका गळ्यातल्या शिट्टीसकट मला बसच्या थांब्यापर्यंत सोडायला आले होते. माझी बॅग त्यांनी स्वतः चढवली. बस सुरू होताना खिडकीशी वाकले आणि त्या मऊ आवाजात म्हणाले, “आता थोडे दिवस एकटं वाटेल. मग जाईल ते.” एकटं वाटलंच. पण आधी सांगितलेलं असलं की तेवढं लागत नाही, हे खरं आहे.

तर ती शेवटची शिकार.

काकू दोन दिवसांसाठी एजवेअरला मुलाकडे गेल्या होत्या. जाताना दारात त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं होतं. दुपारी मी लॅबमधून लवकर घरी आले, तर काका सोफ्यावर गाल धरून बसलेले. दातवाल्याकडे जाऊन दाढ काढून आले होते. तोंडात कापसाचा बोळा, अर्धा जबडा बधिर, ओठ एका बाजूला ओघळलेला. जन्मभर दुसऱ्यांना बधिर करणाऱ्या माणसाकडे बघून मला हसू येत होतं. त्यांनी गालाकडे बोट दाखवून खुणेनं सांगितलं: बोळा काढायचा नाही, बोलायचं नाही.

तेवढ्यात काकूंचा फोन आला. मी जेमतेम दोन शब्दांत सांगितलं.

“तोंडात बोळा?” काकू फोनमध्ये ओरडल्या. “म्हणजे गप्प आहेत? आणि नेमकी मी घरी नाही? जन्मभर वाट पाहिली गं मी या दिवसाची!”

मी हसले. फोन ठेवला आणि मग सोफ्याकडे वळून पाहिलं. गप्प आहेत.

काकांना विश्रांती घ्यायला सांगावं असं मी मनात म्हणत होते, तोवर ते धनुष्य घेऊन दारात उभे होते. त्यांनी खुणेनं मला बोलावलं. ‘चल, शास्त्रज्ञ.’ हवा स्थिर होती. स्वयंपाकघरात कालपासून चूलच पेटली नव्हती. साडीचा काठ सावलीत होता. काकांनी ज्याला ज्याला दोष दिला होता, त्यातलं काहीच त्या दिवशी नव्हतं.

आम्ही बसलो. मेथीचा शेवटचा कोवळा कोपरा उरला होता. जावईबुवा वेळेवर आले, नेहमीपेक्षा जवळ, इतके की खाण्याचा आवाज ऐकू येत होता. फाटक्या कानावर माशी बसली आणि त्यांनी कान झटकला.

काका उठले. बाण लावला. दोरी गालाला टेकली. श्वास धरला.

मी वाट पाहिली.

काकांचे ओठ हलले. बोळ्यामागे काहीतरी धडपडलं, पण बाहेर आलं नाही. जावईबुवा खात राहिले. काका तसेच उभे. त्यांच्या चेहऱ्यावर मी एक भाव पाहिला, घर बंद करून निघालेल्या माणसाला फाटकापाशी वाटतं ना, काहीतरी राहिलं, किल्ली, पाकीट, काय ते कळत नाही, तसा. त्यांनी पुन्हा ओठ हलवले. पुन्हा काही नाही. दोरी इतका वेळ ताणून धरता येत नाही. त्यांचा तो दगडासारखा हात, मी पहिल्यांदाच पाहिलं, गालापासून बोटभर पुढे सरकला होता. बोटं सुटायला आली. शर्टाच्या आतली शिट्टी श्वास कोंडलेल्या छातीवर टेकून गप्प होती.

‘काका, मला असं वाटतं की’ एवढं माझ्या तोंडाशी आलं. ते लांबलचक होतं. तेवढा वेळ नव्हता.

मी खुर्चीवरून उठले. खुर्ची मागे पडली. लॅबमध्ये, शाळेत, त्या घरात, कुठेच कधी न वापरलेला आवाज माझ्याकडे होता, आणि तो चांगला खणखणीत निघाला.

“शार्प स्क्रॅच!” मी म्हणाले.